तापी खोऱ्यातील सरिता मापन : पाण्याच्या हिशेबाचा खर्च कोणी उचलायचा?

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेले सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे गाव. या परिसराला बारमाही नदी नाही. त्यामुळे तापीचे पुराचे पाणी उचलून जवळच्या जामफळ धरणात आणणाऱ्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेकडे येथील शेतकऱ्यांचे डोळे लागले आहेत. सुमारे २,४०० कोटी रुपये अंदाजित खर्चाच्या या योजनेचे भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. पावसाळ्यात तापीला किती दिवस आणि किती पाणी असते, यावर अशा योजनेचे यशापयश ठरते. हा हिशेब ठेवण्याचे काम सरिता मापन केंद्रे करतात.

मोजमाप कसे होते?

नदीकाठी उभ्या केलेल्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचली जाते. पण पातळी म्हणजे विसर्ग नव्हे. विसर्गासाठी पात्राचे अनेक उभे भाग पाडतात, प्रत्येक भागाची खोली मोजतात आणि पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश अंतरावर प्रवाहमापक यंत्र धरून पाण्याचा वेग घेतात. क्षेत्रफळ आणि वेग यांच्या गुणाकारांची बेरीज म्हणजे विसर्ग. सेकंदाला एक घनफूट म्हणजे क्युसेक, तर एक घनमीटर म्हणजे क्युमेक. एका क्युमेकमध्ये सुमारे ३५ क्युसेक होतात.

वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरून पातळी आणि विसर्ग यांचा संबंध दाखविणारा आलेख तयार होतो. पुढे केवळ पातळी कळली तरी विसर्ग काढता येतो. मात्र पुराने अथवा वाळूउपशाने पात्र बदलले, की जुना आलेख निरुपयोगी ठरतो. शिवाय महापुरात नाव घालणेच अशक्य असल्याने, सर्वाधिक गरज असते तेव्हाच प्रत्यक्ष मोजमाप दुर्मीळ होते. रडारवर चालणारे पातळीमापक आणि ध्वनिलहरींनी वेग मोजणारी यंत्रे येथे उपयोगी पडतात.

तीन राज्यांची नदी

तापीची लांबी ७२४ किलोमीटर, तर खोऱ्याचे क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर क्षेत्र महाराष्ट्रात असून उर्वरित मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये आहे. केंद्रीय जल आयोगाची बऱ्हाणपूर, भुसावळ, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा ही केंद्रे मुख्य नदीवर, तर गिरणेवर दापुरी आणि पांझरेवर मोराणे येथे केंद्रे आहेत. राज्याच्या जलसंपदा विभागाची केंद्रे वेगळी.

या नोंदींचे महत्त्व ऑगस्ट २००६ मध्ये दिसले. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तेव्हा सुरत शहराचा बहुतांश भाग बुडाला. धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडावे, हे ठरविताना खानदेशातील केंद्रांचे आकडेच आधाराला असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेच्या पुराने धुळे शहरालाही तडाखा दिला. छोट्या उपनद्यांचे पूर काही तासांतच ओसरतात. दिवसातून एकदा घेतलेल्या नोंदीत त्यांचा माथा सापडत नाही.

निधीचे तीन टप्पे

या यंत्रणेच्या आधुनिकीकरणाला जागतिक बँकेचे अर्थसाह्य लाभले. जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९५ ते २००३ या काळात महाराष्ट्रासह ९ राज्यांत राबविला गेला. दुसरा टप्पा २००६ ते २०१४ असा चालला आणि राज्यांची संख्या १३ झाली. या टप्प्यात महाराष्ट्राने कृष्णा-भीमा खोऱ्यांत तत्काळ माहिती देणारी स्वयंचलित यंत्रणा उभारली.

एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुमारे ३,६८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याचा निम्मा भाग जागतिक बँकेचे कर्ज आणि निम्मा केंद्राची तरतूद असा होता. राज्यांना मात्र संपूर्ण रक्कम अनुदान म्हणून मिळणार होती. महाराष्ट्रात भूपृष्ठजलाच्या मोजमापाचे काम नाशिक येथील जलविज्ञान प्रकल्प कार्यालयाकडे, तर भूजलाचे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे.

प्रकल्प संपल्यानंतर

प्रकल्पाला मुदत असते, नदीला नसते. संवेदक, सौर पट्ट्या, विजेऱ्या यांची देखभाल, माहिती पाठविण्याचा खर्च आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षित निरीक्षकाचे वेतन ही दरवर्षीची गरज आहे. स्वयंचलित यंत्र पातळी सांगते. ते खरे सांगते की नाही, हे पाहण्यासाठी पात्रात उतरून मोजणारा माणूस लागतोच. नोंदींची मालिका एखाद-दोन वर्षे खंडित झाली, तर नंतर कितीही निधी दिला तरी ती भरून निघत नाही.

फड पद्धतीने पांझरेचे पाणी वाटून घेणाऱ्या खानदेशाला पाण्याचा हिशेब नवा नाही. सिंचन प्रकल्पांच्या खर्चाच्या तुलनेत मोजमापाचा खर्च अल्प आहे. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात कायमस्वरूपी तरतूद झाली, तरच जामफळमध्ये किती पाणी येणार याचे उत्तर अंदाजाने नव्हे, तर आकड्यांनी देता येईल.