बायबल वाचायचंय, पण कोणतं?

"एकदा बायबल मुळापासून वाचून काढायचं" असं ठरवून आपण दुकानात जातो आणि पहिलाच धक्का बसतो. बायबल 'एक' नसतंच! इंग्रजीत १६११ सालचं भारदस्त किंग जेम्स आहे, १९७८ साली पूर्ण झालेलं सुटसुटीत न्यू इंटरनॅशनल व्हर्जन आहे, शिवाय आणखी डझनभर आहेत. मराठीत बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' आहे आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आहे. यातलं घ्यायचं कुठलं?

जाणकार साधारण असं सांगतात, की अभ्यासाला मुळाच्या शब्दाशब्दाला धरून केलेलं घ्या आणि वाचायला अर्थ धरून केलेलं. सल्ला बरोबरच आहे. पण मला या प्रश्नाचं खरं उत्तर सापडलं ते एका मराठी बाईच्या चरित्रात. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. संस्कृत त्या आईकडून शिकल्या आणि पुराणं तर तोंडपाठ. १८७८ मध्ये त्या भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या, तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय वीस! याच मुक्कामात ख्रिस्ती मंडळींनी त्यांना बायबल भेट दिलं, तेही संस्कृतमधलं. म्हणजे संस्कृत पंडितेला संस्कृत बायबल, याहून योग्य निवड ती कुठली? पण झालं उलटंच. त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलंय की त्याची भाषा आणि शिकवण्याची रीत त्यांना माहीत असलेल्या संस्कृत ग्रंथांपेक्षा अगदी वेगळी वाटली. हे वाचणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं वाटून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

मग १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं आणि त्या आसामात सिल्चरला राहायला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटीशी पुस्तिका मिळाली. ती तिथे आली कशी, हेही त्यांना माहीत नव्हतं. ते होतं बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान. ते मात्र त्यांनी मन लावून वाचलं.

गंमत बघा. ज्या भाषेत त्या पंडिता, त्या भाषेतलं बायबल बंदच राहिलं. आणि जी रोज कानावर पडत होती, त्या भाषेतलं उघडलं गेलं.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. १८८२ मध्ये पती गेले, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. नंतर मुंबईत शारदा सदन निघालं, आणि दुष्काळातल्या बायकामुलींसाठी केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आता केडगावला शेकडो मुली. अनेकींना अक्षरओळखही नवी. त्यांच्या हातात कुठलं बायबल द्यायचं?

मराठी बायबल नव्हतं असं नाही. विल्यम कॅरीच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्येच नवा करार निघाला होता आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये आपला छापला होता. पण रमाबाईंना रूढ भाषांतरातली मराठी फार संस्कृतप्रचुर वाटायची. नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला ती कळणार कशी? शिवाय अनेक शब्दांना जुन्या हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ आधीच चिकटलेले. त्यामुळे वाचणारीला भलताच अर्थ लागायचा धोका.

मग या बाईंनी काय केलं? पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. एकटीने! खिळे जुळवणं, छपाई ही कामं मुक्तीतल्याच बायका करत. दीड दशकाहून जास्त काळ हे चाललं. ऐकू येणं कमी होत गेलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याच्या जेमतेम आधी शेवटची मुद्रितं तपासून झाली होती. १९२४ साली ग्रंथ बाहेर पडला.

चर्चमध्ये रूढ झालं ते बायबल सोसायटीचंच भाषांतर. रमाबाईंचं मागे पडलं. पण मला त्यांचा प्रश्न फार मोलाचा वाटतो. 'सगळ्यात विद्वत्तापूर्ण कुठलं?' हे त्यांनी विचारलंच नाही. 'वाचणारी कोण आहे?' एवढंच विचारलं. आणि हे विचारणारी स्वतः संस्कृतची पंडिता होती, हे विशेष.

तेव्हा मंडळी, निवडायचं असेल तर एक सोपा प्रयोग करा. लूकचा पंधरावा अध्याय काढा, उधळ्या पुत्राची गोष्ट. दोन-तीन भाषांतरांत ती मोठ्याने वाचा, जमल्यास घरातल्या कुणाला तरी ऐकवा. जिथे अडखळायला होत नाही, ते तुमचं रोजच्या वाचनाचं. ज्यात अडखळलात ते टाकून देऊ नका. अभ्यासाला शेजारी ठेवा, कारण दोन भाषांतरं जिथे वेगळी बोलतात तिथेच मुळात काय असेल हा प्रश्न पडतो. आणि तो प्रश्न पडला की अभ्यास सुरू झालाच म्हणायचा.

रमाबाईंनी तरी ते संस्कृत बायबल कुठे टाकलं? वाचलं नाही, पण जन्मभर जवळ ठेवलं.