रिअल-टाइम लिनक्सचा उगम आणि अल्पखर्ची साधनाचा प्रश्न

संगणकाने बरोबर उत्तर द्यावे एवढेच पुरेसे नसून ते ठरलेल्या मुदतीच्या आत द्यावे, अशी अपेक्षा ज्या प्रणालीकडून केली जाते तिला रिअल-टाइम प्रणाली म्हणतात. लिऊ व लेलँड यांच्या १९७३ च्या निबंधाने या विषयास गणिती पाया दिला, हे अभ्यासकांस विदित आहेच. तथापि सिद्धान्त हाती असणे निराळे आणि तो अल्प खर्चात पडताळून पाहण्याचे साधन मिळणे निराळे. १९९० च्या सुमारास व्हीएक्सवर्क्ससारख्या व्यापारी प्रणाली होत्या. पण त्यांच्या परवान्यास मूल्य पडे, आणि मूळ आज्ञावली उघडून बदलण्याची मोकळीक सहसा नसे. ज्यास शेड्युलरचाच अभ्यास करावयाचा, त्याला ही दुसरी अडचण अधिक जाचक.

या कोंडीतून वाट काढली ती न्यू मेक्सिकोतील सोकोरो या लहान गावच्या तंत्रविद्या संस्थेने. तेथे व्हिक्टर योडायकेन व त्यांचे विद्यार्थी मायकेल बाराबानोव्ह यांनी आरटीलिनक्स सिद्ध केले. बाराबानोव्ह यांचा पदव्युत्तर प्रबंध १९९७ चा आहे. लिनक्सला मुदती पाळावयास लावणे त्या काळी दुष्कर होते. म्हणून त्यांनी त्याच्याखाली एक छोटा गाभा घातला आणि समग्र लिनक्सला सर्वांत कनिष्ठ अग्रक्रमाचे कार्य करून टाकले. लिनक्सने इंटरप्ट बंद करण्याची आज्ञा दिली तरी प्रत्यक्षात केवळ एक खूण बदले. इंटरप्ट प्रथम खालच्या गाभ्याकडेच जात व लिनक्सच्या वाट्याचे मागाहून त्याच्या हवाली होत. घरमालकास नकळत पोटभाडेकरू करण्यासारखाच हा प्रकार! शिवाय निराळा बोर्ड नको. विभागात पडलेला साधा इंटेल संगणक चाले. मात्र अशा काही संगणकांत मदरबोर्डावरील फर्मवेअर प्रणालीस न कळवता मधूनच प्रोसेसर ताब्यात घेते, आणि तेवढा काळ कोणताही शेड्युलर हतबल असतो. स्वस्ताईची ही किंमत पावतीवर दिसत नाही.

१९९९ मध्ये या पद्धतीवर अमेरिकेत योडायकेन यांना पेटंट मिळाले, आणि मुक्त म्हणून स्वीकारलेल्या साधनाभोवती संशय उत्पन्न झाला. मिलानच्या पॉलितेक्निको संस्थेत पाओलो मान्तेगाझा यांच्या गटाची आरटीएआय ही प्रणाली तोवर उभी राहिली होती. करीम याघमूर यांनी २००१ मध्ये अ‍ॅडिऑस ही निराळी रचना सुचवली, व पुढे आरटीएआयने ती अंगीकारली. परवान्याचा विचार वकिलांवर सोपवून चालत नाही, असे माझे मत या प्रकरणावरूनच बनले आहे.

पुढील काळात बोर्डच स्वस्त झाले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय ३५ डॉलरला आणि २०१३ मध्ये बीगलबोन ब्लॅक ४५ डॉलरला बाजारात आला. संशोधकाच्या दृष्टीने दुसरा अधिक लक्षणीय. कारण त्याच्या चिपमध्ये लिनक्स चालवणाऱ्या मुख्य प्रोसेसरखेरीज २०० मेगाहर्ट्झचे दोन लहान प्रोसेसर आहेत. सोकोरोने आज्ञावलीत केलेली विभागणी येथे सिलिकॉनमध्ये उतरली.

२०२४ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी ही जुनी सुधारणा लिनक्सच्या मुख्य आज्ञावलीत समाविष्ट झाली. तिने दुसरा गाभा न घालता लिनक्सलाच मध्येच थांबविण्याजोगे केले. परंतु तिच्यातील कमाल विलंब बहुधा दीर्घकाळ मापूनच ठरवावा लागतो. उलट बीगलबोनच्या लहान प्रोसेसरात बहुतेक आज्ञांस प्रत्येकी ५ नॅनोसेकंद लागत असल्याने, बाहेरच्या स्मृतीस हात न लावणाऱ्या आज्ञावलीचा काळ विद्यार्थ्यास कागदावरच मोजता येतो.