प्लगवरचा आकडा

मागच्या डिसेंबरात माझ्या मामेभावाच्या जिप्सीच्या पिस्टनला आंबा घाटात भोक पडले. साखरपा सोडून चढाला लागल्यावर आधी खडखड ऐकू आली, मग गाडीचा दम गेला आणि मागे धुराचा लोट. टोचन करून गाडी रत्नागिरीला आणली. हेड उघडले तर पिस्टनच्या बरोबर मधोमध आठआण्याएवढे भोक, आणि त्या सिलिंडरच्या प्लगचे टोक मेणासारखे वितळलेले.

भाऊ बारा वर्षे दुबईत होता. तिथून सुपरचार्जरचे वेड घेऊन आला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, म्हणून जास्त पेट्रोल जळते, म्हणून ताकद वाढते. उष्णताही त्याच हिशेबाने वाढते. ती झेपावी म्हणून गॅरेजवाल्या चाचांनी मूळचा पाच नंबरचा प्लग काढून दुसऱ्या कंपनीचा आठ नंबर बसवला होता. त्यांच्या मते तीन पायऱ्या थंड. प्रत्यक्षात त्या कंपनीचा आठ आणि आधीच्या कंपनीचा पाच जवळजवळ सारखेच निघाले.

“मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. पन्नास वर्षं हेच करत आलोय मी,” चाचा म्हणाले. त्यांना खोटे पाडणे मला जमले नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वी ते खरेच होते.

थंड प्लग आणि गरम प्लग यांचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर हेडमध्ये उतरते, एवढाच प्रश्न. आतल्या पांढऱ्या इन्सुलेटरचे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबून यावे लागते, टोक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी धरते. ८५० च्या वर गेले तर ते निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीची वाट न बघता पेट्रोल पेटवू लागते. पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट होतो. मधोमध भोक पडते ते यानेच.

ही अडचण प्लगइतकीच जुनी आहे. १९०२ साली जर्मनीत बॉश कंपनीच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबत चालणारा स्पार्क प्लग तयार केला. त्या काळचे इन्सुलेटर चिनीमातीचे होते आणि शर्यतीच्या इंजिनात ते तडकत. इंग्लंडमधला शर्यतपटू केनेल्म ली गिनेस याला कंटाळून स्वतःच अभ्रकाचे प्लग बनवू लागला. पुढे त्याच्या आद्याक्षरांवरून केएलजी हा छाप नावारूपाला आला. जगाच्या बाजारात उत्तम अभ्रक मोठ्या प्रमाणात जात असे ते हिंदुस्थानातून, आजच्या झारखंडातल्या कोडरमा-हजारीबागच्या खाणींतून. लंडनच्या वाऱ्यावर धावणाऱ्या त्या गाड्यांच्या कहाण्यांत तिथल्या मजुरांचे नाव कुठे येत नाही, हे जाता जाता.

१९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीझने सुपरचार्जरच्या मोटारी मांडल्या आणि प्लगची खरी परीक्षा सुरू झाली. १९३० च्या ल मां शर्यतीत सुपरचार्जरची मर्सिडीझ आणि सुपरचार्जरच्या बेंटली एकमेकींच्या मागे लागल्या. शेवटी दोन्हीकडच्या बंद पडल्या आणि जिंकली ती सुपरचार्जर नसलेली बेंटली. भावाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नाही.

त्या काळी शर्यतवाले इंजिन तापवायला गरम प्लग लावत आणि सुटण्याआधी ते काढून थंड प्लग बसवत. थंड प्लगवर इंजिन सावकाश फिरवले तर काजळीने ठिणगीच बंद व्हायची. दुसऱ्या महायुद्धात मर्लिन इंजिनाच्या विमानांनाही हाच त्रास होता. पेट्रोलमधल्या शिशाचा थर प्लगवर बसे, म्हणून संथ उडणाऱ्या वैमानिकाला अधूनमधून इंजिन जोरात चालवून प्लग साफ करून घ्यावे लागत.

तोवर अभ्रक मागे पडत चालले होते. १९३० च्या दशकात सीमेन्सने भाजलेल्या ॲल्युमिनाचे इन्सुलेटर आणले. आजचे पांढरे नाक त्याच घराण्यातले. ॲल्युमिना निघते बॉक्साइटमधून, आणि बॉक्साइट म्हणजे आपल्या जांभ्याचाच भाऊबंद. दापोली-मंडणगडकडे त्याच्या खाणी आहेत. ज्या दगडाच्या चिऱ्यांनी कोकणातली घरे उभी राहिली, त्याच्या भावकीतले काहीतरी प्रत्येक प्लगमध्ये बसलेले आहे.

आता आकड्यांकडे. बॉशच्या जुन्या पद्धतीत प्लग उष्णतेला जितका तग धरी तितका आकडा मोठा. बॉशच्याच घरातली मायको १९५१ साली भारतात स्थापन झाली आणि तिच्या प्लगवरही १४५, १७५, २२५ असेच आकडे असत. चाचा शिकले ते या प्लगांवर. पुढे बॉशने आकडे लहान केले आणि उलटेही केले: आता मोठा आकडा म्हणजे गरम. चॅम्पियनचाही मोठा आकडा गरम. जपानी एनजीके आणि डेन्सो यांचा मात्र थंड. मिरकरवाड्यात चाचांच्या बरोबरीची मंडळी ट्रॉलरच्या डिझेलवर रमली, आणि डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. मग विचारणार कुणाला?

एक खूण मात्र आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली. प्लग खरेच तीन पायऱ्या थंड असता तर मारुती मंदिर ते बसस्टँड अशा गर्दीत तो काजळला असता, गाडी मिस मारली असती. दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली, आणि आम्ही खूश होतो.

नवा पिस्टन बसल्यावर हिशेब पहिल्यापासून मांडला. वाढलेल्या ७५ ते १०० अश्वशक्तीमागे एक पायरी थंड, असा एक ठोकताळा सांगतात. तो मोठ्या इंजिनांचा आहे. १३०० सीसीच्या इंजिनात तीसच वाढल्या तरी मूळच्या ऐंशीत ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भर. आम्ही जुन्याच कंपनीचा सात नंबर घेतला, म्हणजे दोन पायऱ्या थंड. फट थोडी कमी केली, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारणे जड जाते. इग्निशनचे टायमिंगही जरा मागे घेतले. नुसत्या प्लगवर भरवसा ठेवून टायमिंग तसेच सोडणे हा शुद्ध आळस.

मग पालीच्या पुढे चढावर पूर्ण जोर देऊन, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढले. पांढरेफटक नाक म्हणजे अजून गरम, काळे म्हणजे फार थंड. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून चारही प्लग उन्हात धरले. तीन फिकट तपकिरी होते. चौथा किंचित पांढरट.

“हा एक पुन्हा बघायला लागेल,” ते म्हणाले.

गॅरेजच्या भिंतीवर आता एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर चार कंपन्यांची नावे आणि प्रत्येकीसमोर थंडीच्या दिशेला बाण. दोन बाण उजवीकडे, दोन डावीकडे.