परिसरभेट, प्राथमिक शाळांतील (अकोला जिल्हा)

परिसरभेट (क्षेत्रभेट, शिवारफेरी) : वर्गातला पाठ शाळेच्या आवारात, गावात, वावरात, नदीकाठी किंवा बाजारात नेऊन शिकवण्याची प्राथमिक शाळेतील पद्धत. अकोला जिल्ह्यात ती मुख्यतः जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळांत चालते. परिपाठ, पोषण आहार, परसबाग, मैदानी खेळ, सण आणि बाल आनंद मेळावा हे रोजचे उपक्रमही याच शिक्षणाचा भाग आहेत, म्हणून या नोंदीत त्यांचाही विचार केला आहे. जिल्ह्यात अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी व मूर्तिजापूर हे सात तालुके असून उत्तरेला सातपुड्याची डोंगररांग, मध्ये पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांचा उतार अशी जमिनीची ठेवण आहे. अकोटच्या मुलाचा परिसर आणि पातूरच्या मुलाचा परिसर एक नाही. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय काढले, ते याच विचाराने. पण जिल्ह्याचे पुस्तकही गावाच्या शिवेपर्यंत पोहोचत नाही. तिथून पुढचे काम शिक्षकाचे.

पूर्वपीठिका : या विचाराची मुळे विदर्भातच खोल गेलेली आहेत. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. हाताने केलेल्या उत्पादक कामातून शिक्षण द्यावे हा तिचा गाभा होता. झाकिर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि पुढे ते नई तालीम म्हणून ओळखले गेले. त्याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. गावच्या शाळेला जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, अशी ती कल्पना होती. योजना टिकली नाही. मात्र शाळेला वावर असावे हा विचार वऱ्हाडात तेव्हापासून आहे.

बालशिक्षणाच्या दुसऱ्या प्रवाहात ताराबाई मोदक यांचे नाव अग्रभागी येते. काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंनी पुढे गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केले, 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि नंतर कोसबाडच्या डोंगरावर अनुताई वाघ यांच्यासह अंगणवाडी व कुरणशाळा हे प्रयोग उभे केले. गुरे चारणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, हा कुरणशाळेमागचा विचार होता. कापूस वेचणीच्या हंगामात धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहणारी मुले वऱ्हाडातल्या शिक्षकांच्या ओळखीची आहेत. त्यांच्यासाठी तो विचार आजही लागू पडतो.

अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. हातात खराटा घेऊन गाव झाडणारा हा माणूस वऱ्हाडातल्या शाळांना स्वच्छतेचा पाठ न शिकवता देऊन गेला. आवार झाडणे, वर्ग आवरणे, पिण्याच्या पाण्याची टाकी धुणे ही कामे मुलांनी पाळीपाळीने करावीत की नाही, यावर शहरी पालकांत मतभेद आहेत. कोणत्याही एका जातीच्या किंवा फक्त मुलींच्या वाट्याला न येता ती सर्वांनी, शिक्षकांसह, केली तर त्यांत गैर काहीच नाही, आणि शौचालय साफ करणे हे मुलांचे काम नव्हे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

ऋतू आणि वेळापत्रक : उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. अकोल्याचा मे महिना 45 अंशांपुढे सहज जातो. त्यामुळे मृगाच्या पहिल्या सरींनंतर बाहेर पडणारा मखमली लाल किडा, तिफण, पेरणी हे सगळे मुलांनी सुट्टीतच पाहिलेले असते. पाऊस वेळेवर झाला तर घंटा वाजते तेव्हा वावरात अंकुर आलेले असतात. शिक्षकाने पहिल्या आठवड्यात ‘तुमच्या घरी पेरणी कधी झाली, काय पेरले’ एवढे विचारले तरी फळ्यावर गावाचे पीक-पत्रक तयार होते.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वावरात जाणे जमत नाही. काळी माती भिजली की पायाला अशी चिकटते की चप्पल तिथेच राहते. हे दोन महिने आवाराचे. धुऱ्यावरचा तरोटा, कुंपणाची आंबाडी, भिंतीवरचे शेवाळ, गोगलगाय, गांडूळ, सुगरणीचा खोपा एवढे साहित्य शाळेभोवतीच असते. तळ सपाट असलेली प्लॅस्टिकची बाटली कापून केलेले पर्जन्यमापक याच काळात लावतात. ऑक्टोबर ते जानेवारी हा वावराचा खरा मोसम : सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी, तुरीच्या शेंगा, मग हरभरा. मार्चपासून सकाळची शाळा सुरू होते आणि बाहेरचे सगळे नऊच्या आत उरकावे लागते. सूर्य अकोल्यावर बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. पहिल्या वेळी सुट्टी आणि दुसऱ्या वेळी ढग, म्हणून काठीच्या सावलीचा पाठ इथे हिवाळ्यात घेणेच सोयीचे. तेव्हा दुपारी बारालाही सावली चांगली लांब पडते आणि उत्तर दिशा मुलांना स्वतः काढता येते.

वावरातला पाठ : अकोल्याची ओळख कापसाची. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांवर हे शहर वाढले. तरीही कापसावरचा धडा पुष्कळ वर्गांत चित्र दाखवून संपतो. चांगल्या शाळेत तो असा होतो. दिवाळीनंतर एका पालकाच्या वावरात मुले जातात. एकाच पऱ्हाटीवर पाते, फूल, हिरवे बोंड आणि फुटलेले बोंड दिसते. पहिल्या दिवशी पांढरट-पिवळे असलेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे पुष्कळ मुलांना आधीच ठाऊक असते, पण कोणी विचारलेले नसते. मग प्रत्येक गट फुटलेले एक बोंड हातात घेतो, त्याच्या चार किंवा पाच पाकळ्या सोडवतो आणि बोटांनी सरकी वेगळी करतो. काम दिसते तितके सोपे नाही. रुई सरकीला घट्ट धरून असते, आणि जिनिंगचे यंत्र कशासाठी लागते हे तिथेच कळते.

शाळेत परतल्यावर 100 ग्रॅम कापूस तोलून घेतात, रुई आणि सरकी वेगवेगळी तोलतात. रुई भरते साधारण 34 ग्रॅम, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर. बाकी सरकी. इथून गणित आपोआप पुढे जाते. एक क्विंटल कापसात 34 किलो रुई, तर 170 किलोच्या एका गाठीला किती कापूस लागेल? पाच क्विंटल. आईने दिवसाला किती किलो वेचला, वेचणीचा किलोला दर काय, आठवड्याची मजुरी किती झाली, ही उदाहरणे मुले स्वतःच आणतात. चौथीच्या मुलाला गुणाकार आणि अपूर्णांक यांची गरज इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसते. गांधींच्या योजनेत टकळी होती. आजच्या शाळेत टकळी नाही, पण कापूस तोच आहे.

खाऱ्या पाण्याचा पाठ : पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. इथले भूजल क्षारयुक्त असते. विहिरीचे पाणी मचूळ लागते, आणि त्याच पाण्याने सतत ओलीत केले तर काळी जमीन बिघडते. वान धरणावरील 84 खेडी योजनेसारख्या नळयोजनांमुळे पट्ट्यातल्या गावांना गोडे पाणी मिळू लागले, पण ते रोज येईलच असे नाही. या गावांतल्या मुलाला पाण्याचा धडा पुस्तकातून शिकवणे म्हणजे त्याने घोटाघोटाने जे अनुभवले आहे, ते बाजूला ठेवणे होय.

प्रयोग अगदी साधा आहे. दोन काळ्या थाळ्या घ्यायच्या. एकीत पत्र्यावरून थेट धरलेले पावसाचे पाणी, दुसरीत तेवढेच बोअरचे पाणी. दोन्ही उन्हात ठेवायच्या. पाणी आटले की पहिली थाळी जवळजवळ स्वच्छ राहते, दुसरीत पांढरा थर उरतो. पाचवीच्या मुलांना पुढची पायरी झेपते : 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला तर 1 लिटर पाणी मिळते. शाळेचे छत 100 चौरस मीटरचे असेल आणि दिवसभरात 10 मिलिमीटर पाऊस झाला, तर किती लिटर वाहून गेले? हजार. बाटलीच्या पर्जन्यमापकातली नोंद रोज फळ्यावर लिहिली जात असेल तर हे उत्तर मुलांचे स्वतःचे असते, आणि पुढे शेततळे कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही.

परसबागेचा प्रश्नही इथेच येतो. शालेय पोषण आहार योजनेला (2021 पासून पीएम पोषण) पूरक म्हणून शाळाशाळांत परसबागा झाल्या. प्राथमिकच्या मुलाला दर दिवशी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. वाल, पालक, मेथी, वांगी, शेवगा आवारातून आले तर खिचडीत भाजी खरोखर दिसते. गोड्या पाण्याच्या गावात बाग वर्षभर चालते. खारपाणपट्ट्यात ती पावसाळ्यात उभी राहते आणि हिवाळ्याअखेर सुकते. परसबाग स्पर्धेच्या तपासणीत दोन्हींना एकच फूटपट्टी लावणे अन्यायाचे आहे. हात धुतलेले पाणी आळ्यांत वळवून शेवग्याची चार झाडे जगवणाऱ्या शाळेचे काम मोठे धरले पाहिजे.

रोजचे उपक्रम : दिवस परिपाठाने उघडतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. त्यात ‘आज मी काय पाहिले’ ही दोन मिनिटे जोडली तर परिसरभेट रोजच घडते. वऱ्हाडी बोलीत सांगायला मोकळीक दिली की न बोलणारी मुलेही बोलतात. मैदानी खेळांना तर इथे मोठी परंपरा आहे. 1914 मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. लंगडी, खो-खो, कबड्डी, लगोरीला लागते ती फक्त सपाट जागा. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून आणतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. बाल आनंद मेळाव्यात मुले घरची भाजी, बोरे, पोहे विकतात आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकत-चुकत शिकतात. 2024 पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला. त्यामुळे अशा कामांना आठवड्यातला एक दिवस हक्काचा मिळाला.

स्थळे : इतिहासाच्या भेटीसाठी बाळापूरचा किल्ला लहान मुलांना सर्वांत सोयीचा. मन आणि म्हैस नद्यांच्या मध्ये तो उभा आहे, तटावरून दोन्ही पात्रे दिसतात, आणि किल्ला इथेच का बांधला याचे उत्तर मुले स्वतः देतात. मिर्झा राजे जयसिंगांची छत्री जवळच आहे. अकोट तालुक्यातला नरनाळा भव्य आहे, पण तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात असल्याने प्रवेशाचे नियम पाळावे लागतात. चौथी-पाचवीच्या आधी तिथे नेऊ नये. काटेपूर्णा अभयारण्यात जलाशय आणि पक्षी एकत्र पाहायला मिळतात. शहरातल्या शाळांना डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना 1969) हे वरदान आहे. विद्यापीठाची शिवारफेरी शेतकऱ्यांसाठी असते, तशी एक मुलांसाठी व्हायला हवी. मोर्णा नदीची गोष्टही शहरातल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. 13 जानेवारी 2018 रोजी जलकुंभी आणि कचऱ्याने भरलेल्या या नदीच्या स्वच्छतेसाठी हजारो अकोलेकर पात्रात उतरले, त्यांत विद्यार्थीही होते, आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. नदी एका दिवसात स्वच्छ होत नाही, हे मुलांनी दरवर्षी पुलावर उभे राहून पाहावे.

दक्षता : सर्वांत मोठा धोका फवारणीचा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी किंवा तुरीच्या वावरात जाण्यापूर्वी फवारणी कधी झाली हे मालकाला विचारलेच पाहिजे. शेजारच्या वावरात पंप चालू असेल तर मुलांना तिथूनच परत फिरवावे. रिकाम्या डब्यांना कोणी हात लावू नये. उघड्या विहिरी, गवतातले साप आणि ऊन या बाकीच्या काळज्या. वेचणी पाहायला नेलेल्या मुलांकडून वेचणी करून घेऊ नये, एवढेही बजावून सांगावे लागते.

अडचणी : दोन शिक्षक आणि पाच वर्ग असलेल्या शाळेत एक शिक्षक बाहेर गेला की उरलेले वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. त्यात ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे. उपक्रमाचे छायाचित्र वर पाठवले की काम झाले, अशी रीत पडल्याने पुष्कळ भेटी छायाचित्रापुरत्या उरतात. बाहेरून आल्यावर मोजणे, लिहिणे, चित्र काढणे, दुसऱ्याला सांगणे यांना दोन तासिका मिळाल्या नाहीत, तर मुलाने पाहिलेले त्याच्यापाशी अर्धवट राहते. छोट्या पटाच्या शाळांत मात्र हे काम उत्तम होते. वीस मुले एका धुऱ्यावर मावतात, सर्वांचे वावर सर्वांना माहीत असते आणि वाहन लागत नाही. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा विचार करताना ही बाजूही मोजली जावी.

पालकांकडून अपेक्षा फार थोडी आहे. जुलैतल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत गावातल्या दोन-तीन शेतकऱ्यांनी आपले वावर वर्षातून दोनदा, एकदा उभ्या पिकाला आणि एकदा सुगीला, मुलांसाठी मोकळे ठेवायचे कबूल करावे आणि फवारणीच्या तारखा शिक्षकांना कळवाव्यात.