फोर्ट विल्यम परिसर : वर्तुळाकार चौक आणि टक्करीची जोखीम

कोलकात्यातील फोर्ट विल्यमभोवतीच्या चौकांची सुरक्षितता हा मुख्यतः वेगाचा प्रश्न आहे, आणि त्याचे मूळ किल्ल्याच्या बांधणीत सापडते. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १७८१ मध्ये पुरा झाला. तोफांच्या माऱ्याला आड येऊ नये म्हणून समोरची जमीन मोकळी ठेवली गेली. तेच आजचे मैदान. कडेला घरे-दुकाने नसल्याने मैदानातून जाणारा रेड रोड (आताची इंदिरा गांधी सरणी) रुंद आणि सरळ राहिला, इतका की दुसऱ्या महायुद्धात त्याची धावपट्टी करता आली. १९९२ मध्ये विद्यासागर सेतू खुला झाल्यावर हावड्याकडची वाहने हेस्टिंग्जजवळ, किल्ल्याच्या दक्षिणेला उतरू लागली. (२०२५ पासून किल्ला ‘विजय दुर्ग’ आणि त्याचे सेंट जॉर्ज गेट ‘शिवाजी गेट’ या नावाने ओळखले जाते.)

चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. एकाच मार्गिकेच्या वर्तुळाकार चौकात (पुढे नुसते ‘वर्तुळ’) अशी ठिकाणे ८ उरतात. काटकोनातली आणि समोरासमोरची धडक जवळजवळ नाहीशी होते. उरते ती तिरकी किंवा मागून बसणारी. अमेरिकेतील २४ चौकांच्या अभ्यासात (२००१) वर्तुळ केल्यावर एकूण अपघात ३८ टक्क्यांनी, तर जखमी करणारे अपघात ७६ टक्क्यांनी घटलेले दिसले. हे आकडे शिस्तीच्या वाहतुकीचे आहेत, ते जसेच्या तसे कोलकात्याला लावू नयेत. मार्गिका वाढल्या की छेदबिंदूही वाढतात. बस, टॅक्सी आणि दुचाकी एकाच मार्गिकेत शेजारी-शेजारी घुसतात तेव्हा कागदावरची मार्गिका कागदावरच राहते.

वर्तुळाचा खरा आधार अग्रक्रमाचा नियम आहे. ब्रिटनने १९६६ मध्ये उजवीकडून येणाऱ्या, म्हणजे आधीच वर्तुळात फिरणाऱ्या वाहनाला अग्रक्रम दिला. त्याआधी आत शिरणाराच पुढे सरसावे आणि गर्दीच्या वेळी वर्तुळ गच्च अडकून बसे. आपल्याकडे डाव्या बाजूने वाहने चालत असल्याने फेराही घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच असतो. मात्र आत शिरताना थांबण्याची सवय फार थोड्यांना आहे. भारतीय रस्ते महासभेच्या १९७६ च्या शिफारशींनुसार सर्व बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३,००० वाहनांपर्यंतच वर्तुळ नीट चालते.

जोखीम मोजताना पोलिसांची अपघातनोंद पुरेशी ठरत नाही. एखाद्या चौकात वर्षाला मोजकेच गंभीर अपघात होतात, आणि त्यांवरून कल ओळखायचा तर माणसे मरण्याची वाट पाहत बसावे लागेल. म्हणून थोडक्यात टळलेल्या टकरी मोजतात. या पद्धतीची सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेत झाली आणि स्वीडनमध्ये ती पक्की झाली. चित्रीकरणातून दोन वेळा काढतात. दोन्ही वाहने त्याच दिशेने, त्याच वेगाने गेली तर धडकेपर्यंत किती सेकंद उरतात, ही पहिली. एकाने सोडलेल्या जागी दुसरे किती वेळाने पोचले, ही दुसरी. पहिली वेळ दीड सेकंदाच्या खाली गेली की प्रसंग गंभीर धरण्याचा प्रघात आहे. मात्र कोलकात्यासारख्या दाटीच्या वाहतुकीत वाहने नेहमीच खेटून चालतात. तिथे नुसत्या वेळेवर भिस्त ठेवली तर शांतपणे सरकणारी रांगसुद्धा धोकादायक ठरते. वेळेला वेगाची जोड हवी : वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते.

फोर्ट विल्यमजवळ पाहणीची वेळ म्हणूनच निर्णायक आहे. गर्दीच्या तासाला वाहनांची दाटी आपोआप वेग आवरते. पहाटे तेच रस्ते मोकळे असतात. १३ जानेवारी २०१६ रोजी सकाळी रेड रोडवर प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाची तालीम चालू असताना भरधाव मोटार अडथळे मोडून आत घुसली आणि हवाई दलाचा एक जवान ठार झाला. ती घटना वर्तुळातली नव्हती, पण असा वेग घेऊन वाहन वर्तुळाच्या तोंडाशी आले तर काय होईल, हे तपासणीत धरलेच पाहिजे. त्यासाठी प्रवेशाचे वळण पुरेसे तिरके आहे का, मधले बेट दुरून दिसते का, रात्री दिव्याचा उजेड कुठे पडतो, हे पाहतात. मैदानात खेळायला आणि फिरायला येणाऱ्या पादचाऱ्यांची गणती वेगळी करावी लागते. वर्तुळात वाहने सतत वाहत असतात, सिग्नलसारखी थांबत नाहीत. त्यामुळे वाहनचालकाला सोयीचा असा चौक पायी चालणाऱ्याला ओलांडता येईलच असे नाही. बेट मोठे करून वेग मोडायचा म्हटले, तर त्यासाठी लागणारी मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यात असल्याने लष्कराची परवानगी घ्यावी लागते.