चाल कुणाची, बाज कुणाचा

1951 साली आलेल्या ‘अलबेला’ची गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात. भगवानदादांचा नाच डोळ्यांसमोर येतो, लताबाईंचा आणि चितळकरांचा आवाज कानांत असतो. संगीतकाराचं नावही बहुतेकांना ठाऊक असतं: सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. पण मराठमोळ्या चालीला तो हॉटेलातल्या बँडचा बाज कुणी चढवला, असं विचारलं की जाणकारही थबकतात. चितळकरांचे तेव्हाचे सहायक होते गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत आणि लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

या बिरुदात कौतुक आहे, तशी एक गोचीही आहे. ज्या माणसाचं नाव हिंदी गाण्याच्या इतिहासात नीट नोंदलं गेलं नाही, त्याला मिळालेलं बिरुदही दुसऱ्याच्याच नावाचं होतं. उसनवारीची ही साखळी लांब आहे आणि तिचं पहिलं टोक अमेरिकेत आहे.

1935 साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यात स्थिरावला आणि 1945 साली तिथेच पटकीने गेला. मायदेशात वर्णभेदाच्या कायद्यांमुळे ज्या हॉटेलात वाजवायचं त्याच हॉटेलात राहण्याची मुभा या वादकांना अनेकदा नसे. मुंबईत त्यांना मान मिळाला, आणि शिष्यही. त्यांचं ऐकून, त्यांच्या शेजारी बसून जॅझ आत्मसात करणारे भारतीय वादक मोठ्या संख्येने गोव्याचे होते.

याला कारण होतं. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चना जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेजिओ, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, शिकवलं जाई. कुणी व्हायोलिन धरी, कुणी गायनवृंदात उभा राही. गावात पोटापुरतं काम नाही म्हणून हीच मुलं मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडीत उतरली आणि हॉटेल, सर्कस, मूकपटाचं थिएटर, मिळेल तिथे वाजवू लागली. स्वातंत्र्यानंतर हॉटेलांचं काम रोडावलं, मुंबई राज्यात दारूबंदी आली, आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांच्याजवळच्या एका विद्येला फार किंमत होती: त्यांना संगीत लिहिता येत होतं.

हिंदी सिनेमातला बहुतेक संगीतकार हार्मोनियमवर चाल बांधे, गाऊन दाखवी. चाल हा गाण्याचा प्राण खरा. पण तीस-चाळीस वादकांनी नेमकं कधी, काय वाजवायचं हे केवळ गाऊन सांगता येत नाही. ते लिहावं लागतं. व्हायोलिनचा ताफा कुठे उठेल, गायिकेच्या ओळीमागे चेलोची प्रतिधून कशी सरकेल, दोन कडव्यांमधल्या जागेत काय येईल, कोणत्या स्वराखाली कोणता कॉर्ड बसेल, हे प्रत्येक वाद्यासाठी वेगळ्या कागदावर मांडणाऱ्याला अरेंजर म्हणत. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवलेले आणि फाळणीनंतर मुंबईत आलेले सेबॅस्टियन डिसोझा हे त्यातलं मोठं नाव. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केलं, ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही त्यांनी वाद्यमेळ लिहिला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यातली व्हायोलिनची लाट आठवली की आपण ‘एसजेंची शैली’ म्हणतो. त्या लाटेचे कागद बरेचदा सेबॅस्टियन यांच्या हातचे असत.

त्यांचं नाव अगदीच गाळलं गेलं असं नाही. शंकर-जयकिशन यांच्या अनेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दत्ताराम आणि सेबॅस्टियन ही नावं दिसतात, ‘सहायक’ या शब्दाखाली. पण सहायक म्हणजे नेमकं काय? पेटी उचलणाराही सहायक आणि चाळीस वाद्यांचा मेळ रचणाराही सहायक. बाकीच्या वादकांच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. रेकॉर्डिंग झालं, पैसे मिळाले, संपलं. रेकॉर्डच्या तबकडीवर चित्रपट, गायक, संगीतकार आणि गीतकार यांना जागा होती. ज्याने सोलो वाजवला त्याला सहसा नव्हती.

इथे अमेरिकेकडे पुन्हा पाहणं उपयोगाचं ठरेल. आर्थर क्रडप या कृष्णवर्णीय गायकाने 1946 साली ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. 1954 साली मेम्फिसमध्ये एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाची पहिली तबकडी निघाली ती याच गाण्याची. लेबलवर गीतकार म्हणून क्रडपचं नाव होतं. तरीही हक्काचं मानधन मिळवण्यासाठी तो आयुष्यभर झगडला आणि ते पुरतं हाती न पडताच 1974 साली गेला. म्हणजे नाव आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रडपला नाव मिळालं, पैसा नाही. मुंबईच्या वादकाला दिवसाचा पैसा मिळाला, नाव नाही. आणि नाव नसल्यामुळे पुढच्या पैशावर दावाही उरला नाही.

हे शेवटचं वाक्य अलंकारिक नाही. आपल्या कायद्यातच तसं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने संगीतकृतीची व्याख्या केली ती अशी की, स्वरावली आणि संवाद (हार्मनी), किंवा त्यांतलं एक, छापलेलं वा चिन्हांत लिहून काढलेलं असलं पाहिजे. गंमत पाहा: लिहून काढणारे हात बहुतेक अरेंजरचेच होते, पण त्या हातांनी हक्क मागितल्याचं ऐकिवात नाही. मागूनही फार उपयोग झाला नसता. चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितलं. 1994 च्या दुरुस्तीने लेखनाची अट गेली. चाल रचणारा तो संगीतकार, मग ती त्याने लिपीत उतरवलेली असो वा नसो. 2012 साली संगीतकार-गीतकारांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं, कलावंतांच्या हक्कांचाही विस्तार झाला. पण त्याच दुरुस्तीत एक पाचर आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला एक नैतिक हक्क सोडला तर कायदा कलावंतच मानत नाही. एकेकाळी सवयीने गाळलेलं नाव आता हक्क नाकारायला कारण होऊ शकतं.

याचा अर्थ संगीतकारांनी चोरी केली असा नाही. चितळकरांची लावणीच्या अंगाची चाल चितळकरांचीच. प्रभाव घेणं हा गुन्हा असता तर चिक चॉकलेटही सुटले नसते. त्यांनी आर्मस्ट्राँगचा बाज घेतला, आणि आर्मस्ट्राँगने न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांमधून. 1957 च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ घ्या. अमेरिकन रॉक अँड रोल, मराठी संगीतकार, गोव्याचे वादक, आणि त्या बडबडीत ‘मला नको’ या अर्थाचे कोंकणी शब्द! असं गाणं कुणा एकाचं असूच शकत नाही. प्रश्न उसनवारीचा नाही. उसनं कुणाकडून घेतलं याची नोंद ठेवली का, एवढाच आहे.

नोंद ठेवण्याचा एक सुंदर प्रयत्न मात्र झाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणण्याचा त्यांना ध्यास होता. 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. 1965 साली ते अमेरिकेला गेले. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गुंफलं. साऱ्या देशाने ते नाव गुणगुणलं, आणि बहुतेकांनी ते एका विनोदी पात्राचं समजलं. 2012 साली गोन्साल्विस वारले तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की असा माणूस खरोखर होता.

ही गोष्ट मुंबई-गोव्यापुरती, सिनेमापुरती राहत नाही. अमेरिकेतल्या लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाला लोमॅक्स पितापुत्रांनी 1933 साली लुइझियानाच्या तुरुंगात ध्वनिमुद्रित केलं. ‘गुडनाइट, आयरीन’ या त्याच्या गाण्यावर पुढे ध्वनिमुद्रण करणाऱ्या जॉन लोमॅक्सचंही नाव लागलं. लेड बेली 1949 च्या डिसेंबरात गेला; काही महिन्यांतच गोऱ्या गायकांच्या एका चौकडीने ते गाणं देशभर गाजवलं. ज्याच्या हाती यंत्र, त्याचं नाव कागदावर, हा जुनाच न्याय आहे.

तेच यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या परिसरात भोपळ्याची पावरी अजून वाजते, ढोल वाजतो, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्री जागतात. हे सूर मोबाइलवर टिपले जातात, इंटरनेटवर चढतात, कधी एखाद्या गाण्यात मिसळतात, आणि खाली एकच शब्द येतो: ‘पारंपरिक’. हा शब्द खोटा नाही, पण ‘सहायक’इतकाच तो सोयीचा आहे. परंपरा हवेत वाजत नाही. पावरी कुणाच्या तरी छातीतल्या श्वासावर वाजते. त्या माणसाला नाव असतं, गाव असतं, त्याला शिकवणारा कुणीतरी असतो.

सेबॅस्टियन आणि चिक यांच्या बाबतीत जे राहून गेलं ते आता संशोधकांना जुन्या वादकांच्या मुलाखतींतून, घरोघरच्या पेट्यांतल्या पिवळ्या कागदांतून गोळा करावं लागतं. पावरीवाल्याच्या बाबतीत ते आजच करता येईल. ध्वनिमुद्रणाखाली वादकाचं नाव, त्याचं गाव आणि त्याच्या गुरूचं नाव, अशा तीन ओळी त्याला विचारून लिहायला दोन मिनिटं लागतात.