रोह्याहून राजधानीकडे : रायगड पायी पाहताना

पेण-रोह्याकडच्या माणसाला रायगड म्हणजे एका दिवसाची सहल. पहाटे निघायचे, रोपवेने वर जायचे, मेघडंबरीसमोर फोटो काढायचा, पिठलं-भाकरी खायची आणि दिवेलागणीपर्यंत घरी. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तेव्हापासून हे नाव आपल्या प्रत्येक दाखल्यावर आहे. पण ती राजधानी आपल्याला दाखवली जाते ती राजवाड्यापुरतीच. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की एकदा गड पायी पाहा, सावकाश पाहा आणि प्रत्येक जोत्यापाशी विचारा : इथे कोण राहत होते?

रोह्याचा या वाटेशी जुना संबंध आहे. मे १६७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडी आला, तो चौलहून खाडीने अष्टमीला, म्हणजे रोह्याच्या पलीकडच्या काठाला उतरून. तिथून निजामपूरवरून पाचाड. आजही रोहा-माणगाव-निजामपूर-पाचाड असे जाता येते. वकिलाबरोबर नजराणे होते, सामान होते. ते डोंगरावर कोणीतरी वाहून नेलेच असेल ना? वकिलाचे नाव इतिहासात राहिले, ओझेवाल्यांचे नाही. एका म्हाताऱ्या खाटकाची तेवढी आठवण राहिली आहे. इंग्रज इतके मटण खातात तरी कोण, हे बघायला तो गड चढून आला म्हणे. नाव त्याचेही नाही.

पाचाडला जिजाऊंची समाधी पाहून चित्त दरवाजाकडून चढायला लागा. वर जायला सुमारे दीड हजार पायऱ्या. दम लागेल, पण या चढानेच राजधानी म्हणजे काय ते कळते. दगड, चुना, धान्य, लाकूडफाटा सगळे माणसाच्या पाठीवरून आणि जनावरांवरून वर गेले. गडाच्या घेऱ्यातले रान राखायचे काम महार, रामोशी, कोळी अशा जातींकडे असे. म्हणजे राजधानीचा पहिला पहारा महादरवाजावर नव्हता, खालच्या झाडीत होता. गाईडची गोष्ट मात्र महादरवाजापासून सुरू होते.

वर गेल्यावर राण्यांच्या महालांची जोती सगळे पाहतात. त्यांच्या समोरच दासदासींच्या घरांचे अवशेष आहेत, तिकडे मान वळत नाही. बाजारपेठेत सांगतात की घोडेस्वाराला खाली न उतरता खरेदी करता यावी म्हणून दुकानांची जोती उंच. असेल. पण दुकानात माल कोणी आणून टाकला? जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. ते तिथे आहे याचा आनंदच आहे. कारण ज्या पाथरवटांनी ती पायरी घडवली, त्यांना तेवढीही जागा मिळालेली नाही.

आता राजसभेत थांबा. ज्या पुरुषाने स्वबळावर राज्य उभे केले, त्याला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, २९ मे १६७४ रोजी मुंज लावून घ्यावी लागली. ६ जूनचा राज्याभिषेक त्यानंतर. क्षत्रियत्वाचा वाद काढणारे इथले, तोड काढणारे गागाभट्ट काशीचे. तलवारीने जिंकलेले राज्यही जानव्याच्या परवानगीसाठी खोळंबले! बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात या राज्याभिषेकाची तपशिलात जाऊन चिकित्सा केली, ती उगाच नाही. ज्योतिरावांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा छापला तोही शेतकऱ्यांचा राजा म्हणून. आमचे शिवाजी महाराजांशी भांडण नाही. भांडण आहे ते त्यांना गोब्राह्मणप्रतिपालक या एकाच चौकटीत बसवणाऱ्यांशी.

आणि या गडाचे एक पाहुणे तर कोणी सांगतच नाही. डिसेंबर १९२७. पायथ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे महाड. त्याच वर्षी मार्चमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी सवर्णांकडून ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, आणि २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर प्रतिनिधींना मारहाण झाली होती. डिसेंबरात मंडळी बोटीने आली, दासगावला उतरली आणि महाडपर्यंत पायी चालत गेली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. ज्या शास्त्राच्या नावाने २५३ वर्षांपूर्वी याच डोंगरावर राजाची अडवणूक झाली, त्याच परंपरेचा ग्रंथ याच डोंगराच्या आसमंतात पेटला. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणी पाहायला गेले आणि मग रायगडावर. तळ्याला हात लावायला मनाई असलेली माणसे राजधानी पाहायला चढली. ती हौशी पर्यटकांची सहल नव्हती. गडावर याचा एक साधा फलकही असायला कोणाची हरकत असावी?

उतरताना परतीची वाट महाडवरून धरा. गांधारपाले लेणी मुंबई-गोवा रस्त्यालगतच आहेत. उजेड असेल तर चढून या. चवदार तळे शहरातच आहे, स्टँडवरून चालत गेले तरी चालते. काठावर थोडे बसा, ओंजळभर पाणी घ्या आणि मग माणगाव, कोलाड करत रोह्याची, नाहीतर नागोठण्यावरून पेणची गाडी पकडा.